रातबगळ्यांची पागडी

आमच्या वांद्र्यातल्या गल्लीत एका सोसायटीच्या फलकावर सोमवारी नोटीस लागली: रेन ट्रीवरच्या पक्ष्यांच्या विष्ठेमुळे गाड्यांचा रंग उडतो, सबब येत्या रविवारी फांद्या छाटण्यात येतील. ऐन जुलैत! 'पुरे झाले तुमचे पक्षी' असं माझ्या फ्लेमिंगोंवरच्या लेखानंतर ज्यांनी कळवलं होतं, त्यांनी सरळ पान उलटावं.

त्या झाडावर रातबगळ्यांची घरटी आहेत. डोक्यावर काळी टोपी, लालभडक डोळे, मानेमागे दोन-तीन पांढऱ्या पिसांचे दोरे. दिवसभर मान खांद्यात खुपसून पेंगतात. दिवेलागणीला एकेक जण 'क्वॉक' असा घसा खाकरून उठतो आणि रातपाळीला माहीमच्या खाडीकडे निघतो. काल मी पाच मिनिटं खाली उभा राहिलो, शर्ट कामातून गेला. त्यामुळे नोटीस लिहिणाऱ्याचं दुःख मला अगदीच कळत नाही असं नाही.

पण हाच पक्षी, अगदी हाच, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातही भर वस्तीतल्या झाडांवर घरटी बांधतो. तिथंही खाली गाड्याच असतात आणि त्यांच्यावर पडायचं ते पडतंच. २०१४ साली तिथल्या टपाल कचेरीपाशी झाडं छाटली, पिल्लं खाली पडून जखमी झाली. गावभर बोंब झाली. छाटणाऱ्या ठेकेदारानं माफी मागितली, पिल्लांच्या उपचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून देऊ केला. पुढं तिसरीतली पोरं नगर परिषदेच्या मागे लागली आणि २०१९ मध्ये रातबगळा ओकलंडचा अधिकृत पक्षी झाला. आपल्याकडे तिसरीतल्या पोरांना चित्र काढायला सांगतात ते फ्लेमिंगोचं.

आलाच फ्लेमिंगो! तो पाहुणा. थंडीत येतो, पावसाच्या तोंडावर जातो, अंडी घालायला कच्छचं रण गाठतो. त्याच्यासाठी आपण ऐरोलीला जाऊन बोटीत बसतो. रातबगळा इथंच संसार थाटतो, म्हणजे पागडीवाला, जुना भाडेकरू. आणि पागडीवाल्याशी वांद्र्यात कसं वागतात, ते वांद्रेकरांना मी काय सांगू? पुरावा मागू नका, पण विष्ठा गुलाबी असती तर याच मंडळींनी गाड्या मुद्दाम त्या झाडाखाली लावल्या असत्या.

पक्षितज्ज्ञ सालिम अली याच वांद्र्यात, पाली हिलवर राहत; त्यांच्या शेजारात तरी पक्ष्यांचा कायदा ठाऊक असावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरटं हलवणं हीसुद्धा 'शिकार'च धरली आहे. सोसायटीच्या चिटणिसांना हे ऐकवलं. ते म्हणाले, "अहो, बगळाच तर आहे, वाघ नाही."

रातबगळ्याच्या पिल्लांना नीट उडता यायला सहा-सात आठवडे लागतात. चिटणीससाहेब, तेवढे दिवस गाड्या मागच्या गल्लीत लावा. जागा आहे, मी बघून आलोय.