आकिंचन्य आणि इच्छापत्र



उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचन संपलं आणि मंदिराच्या पायऱ्यांवर मी इच्छापत्राचा विषय काढला. एक काकू लगेच म्हणाल्या, "अगं, आज 'माझं काही नाही' म्हणायचा दिवस, आणि तू वाटण्या कसल्या करतेस!" मला मात्र उलटंच वाटतं. परिग्रहाचं परिमाण करायचं तर आधी तो मोजावा लागतो. शेत, घर, सोनं, ठेवी. आपल्यापैकी कितीजणींनी मोजलंय?

विषय निघाला तो एका मैत्रिणीमुळे. ती शिक्षिका. पती गेले, मूलबाळ नाही. स्वतःच्या पगारातून हप्ते फेडून फ्लॅट घेतला. ऐंशीच्या घरातली आई तिच्याजवळच राहते. "सोसायटीत आईचं नॉमिनेशन केलंय, आता काळजी नाही," असं ती म्हणायची. इथेच आपली गफलत होते. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारसांसाठी तो फक्त सांभाळणारा.

मग वारस कोण? आपल्या जैनांनाही 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे बाई इच्छापत्र न करता गेली, तर आधी मुलं आणि पती, ते नसतील तर पतीचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे आईवडील. म्हणजे जिने पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, ती आई दिरांच्या मागे! (आईवडिलांकडून वारसाने आलेलं असेल आणि मूल नसेल, तर ते वडिलांच्या वारसांकडे जातं. पगारातून घेतलेल्या घराला ते लागू नाही.) तिचे दीर वाईट आहेत असं मुळीच नाही. पण क्षमावाणीला हात जोडणारे आणि एरवी कोर्टात समोरासमोर उभे राहणारे सख्खे भाऊही मी पाहिलेत. तो दोष माणसांइतकाच न लिहिलेल्या कागदाचा.

इच्छापत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. आपली सही आणि ती पाहून आपल्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार, बस्स. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी म्हणेन करावी.

ट्रस्ट म्हटलं की आपल्याला मंदिराचाच ट्रस्ट आठवतो. खासगी ट्रस्ट वेगळा, तो 1882 च्या कायद्याखाली येतो. हल्ली सल्लागार प्रत्येक घराला तो घ्यायला सांगतात. मला ते पटत नाही. बहुतेक घरांना नीट लिहिलेलं इच्छापत्र पुरतं. मात्र मागे राहणाऱ्याला व्यवहार झेपणारे नसतील, पोर लहान असेल किंवा मतिमंद असेल, तिथे ट्रस्टसारखा आधार नाही. मैत्रिणीने तो इच्छापत्रातच घातला: फ्लॅट दोन विश्वस्तांच्या ताब्यात, आई हवं तोवर तिथे राहील, नाहीतर भाडं तिच्या औषधपाण्याला, आणि आईनंतर फ्लॅट भाचीला. एक विश्वस्त मुद्दाम तरुण निवडला.

हे सगळं ऐकून काकू काही बोलल्या नाहीत. चपला घालताना मात्र हळूच म्हणाल्या, "माझ्या पाटल्या लेकीला आणि गोठ सुनेला, असं लिहिलं तर चालतं का गं?"

चालतं, म्हटलं.