सातबाऱ्यावर न दिसणारा बोजा

‘माझी जमीन, माझी विहीर. पाणी विकीन, नाहीतर विहीर बुजवीन. तुम्हांला काय त्याचे?’ हे उत्तर वसईच्या गावांतून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की त्यात काही वावगे आहे असे आता कोणाला वाटेनासे झाले आहे. उत्तर देणारा मनुष्य बहुधा सज्जन असतो. तो रविवारची मिस्सा चुकवीत नाही, सणाला वर्गणी देतो, शेजारच्या मयताला खांदा देतो. टँकर दाराशी उभा राहिला म्हणजे मात्र त्याला शेजारी दिसत नाही. फक्त स्वतःचे स्वातंत्र्य दिसते. या स्वातंत्र्याविषयी आम्हांला आज स्पष्ट बोलायचे आहे.

प्रथम पाण्याचाच विचार करू. किनारपट्टीच्या भूमीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके, खारे जड. गोड्याचा दाब आहे तोवर खारे दबून राहते. भूजलशास्त्राचा स्थूल नियम असा की, समुद्रसपाटीच्या वर असलेली गोड्या पाण्याची पातळी १ मीटर उतरली, तर खालील खाऱ्या पाण्याची सीमा सुमारे ४० मीटर वर सरकते. म्हणजे पंप एकाच्या वाडीत चालतो आणि मचूळ पाणी येते दुसऱ्याच्या विहिरीला. पाण्याला कुंपण ठाऊक नाही. ज्याच्या केळीची पाने करपतात, ज्याची पानवेल सुकते, त्याने कोणताही व्यवहार केलेला नसतो. नुकसानीचा वाटा मात्र त्याच्याच पदरी पडतो. आमच्या पूर्वजांना हे शास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते. पण रहाटाने लागेल तेवढेच पाणी उपसावे आणि पावसाचे पाणी बावखलात जिरू द्यावे, एवढे शहाणपण त्यांच्यापाशी होते. बावखलाला ते रिकामी जागा म्हणत नसत. आम्ही म्हणू लागलो, आणि मग ते भरणीच्या मातीखाली गेले.

‘कायदा आमच्या बाजूने आहे’ असे कोणी म्हणेल. होय, १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीतील जमिनीखालचे पाणी घेण्याचा हक्क देतो. तो रहाटाच्या युगातील कायदा आहे. विजेच्या पंपाच्या युगात त्याचा अर्थ तोच राहू शकत नाही, म्हणूनच महाराष्ट्राला २००९ चा भूजल अधिनियम करावा लागला. संविधानाची वाटचालही लक्षात घेण्याजोगी आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले, तर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून सामान्य कायदेशीर हक्कांत ठेवला. आपण अल्पसंख्य म्हणून ज्या अनुच्छेद २५ चा वारंवार हवाला देतो, तो अनुच्छेददेखील धर्मस्वातंत्र्य देताना सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची मर्यादा घालतो. ज्या देशात श्रद्धेचे स्वातंत्र्यही मर्यादेसह आहे, त्या देशात विहिरीचे स्वातंत्र्य अमर्याद कसे असेल?

परंतु आपण केवळ नागरिक नाही. ७ डिसेंबर १९६५ हा दिवस आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या एकाच दिवशी दोन दस्तऐवज प्रसिद्ध केले. एकाने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक मानवाचा हक्क असल्याची घोषणा केली आणि तो बजावताना इतरांचे हक्क व सर्वांचे हित विसरू नये, असे बजावले. दुसऱ्याने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेचे कार्य मांडताना सांगितले की, पृथ्वीवरील संपत्ती परमेश्वराने सर्व मानवांसाठी निर्माण केली आहे. स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांना परिषदेने एकमेकांचे शत्रू मानले नाही. एकाच दिवशी जन्मलेली ती जुळी भावंडे आहेत. आपण मात्र त्यांतले एकच भावंड घरात घेतले आणि दुसऱ्याला दाराबाहेर ठेवले.

पुढे १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मेक्सिकोतील पुएब्ला येथे खाजगी मालमत्तेवर एक सामाजिक गहाण असल्याचे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात त्या विचाराची आठवण पुन्हा करून दिली. हा विचार शेतकऱ्याला समजावून सांगण्यास पंडिताची गरज नाही. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. बँकेचे कर्ज घेतले की त्याचा बोजा तेथे चढतो. जमीन तुमचीच असते, पण बोजा उतरल्याशिवाय ती मोकळी होत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की प्रत्येक सातबाऱ्यावर आणखी एक बोजा आहे. तो तलाठी लिहीत नाही. तो शेजाऱ्याचा आहे, अजून न जन्मलेल्या नातवंडांचा आहे आणि ज्याने भूमी निर्माण केली त्याचा आहे.

या ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे. सार्वजनिक हित हा शब्द उच्चारून शासनाने हवी ती जमीन ओढून घ्यावी, असे आम्ही सुचवीत नाही. राजांच्या पहिल्या ग्रंथातील नाबोथाची कथा आपण जाणतो. अहाब राजाला भाजीच्या मळ्यासाठी नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने त्याहून चांगला मळा देऊ केला, रोख रक्कमही देऊ केली. नाबोथाने नकार दिला. मग खोटे साक्षीदार उभे राहिले, न्यायाचे सोंग झाले आणि नाबोथ दगडांखाली मेला. सत्तेपुढे नकार देण्याचे व्यक्तीचे स्वातंत्र्य किती पवित्र आहे, हे या कथेहून स्पष्टपणे कोठे सांगितले आहे? परंतु नाबोथाने नकार का दिला, तेही वाचा. मळा माझा आहे म्हणून नव्हे, तर तो वाडवडिलांचा वारसा आहे म्हणून. आपल्या स्वातंत्र्याचा आधार त्याने आपल्या जबाबदारीत शोधला, म्हणूनच तो राजापुढे ताठ उभा राहू शकला. आमची शोकांतिका निराळी आहे. आमचा नाबोथ स्वतःच दर विचारण्यासाठी अहाबाच्या दारी जातो.

राजकारणाविषयी आपण फार बोलतो. १९९० मध्ये वसई-विरारचे नियोजन सिडकोकडे गेले, त्याला आपण दोष देतो. २००९ मध्ये महानगरपालिका आली तेव्हा ‘आम्हांला आमचे गाव हवे’ म्हणून अनेक गावे रस्त्यावर उतरली. त्यांची मागणी न्याय्य होती, असेच आम्ही मानतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात बुडाले, रेल्वे थांबली, मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. तेव्हा आपण नियोजनकर्त्यांना आणि विकासकांना शिव्या दिल्या. त्यांचा दोष मोठा आहे आणि आम्ही तो रतिभरही कमी करीत नाही. परंतु भरणी झालेल्या शेताच्या खरेदीखतावर विक्रेता म्हणून कोणाची सही आहे? त्या नावांत आपली नावे नाहीत काय? ज्या गावासाठी सकाळी मोर्चा काढायचा, तेच गाव संध्याकाळी गुंठ्यागुंठ्याने विकायचे, हा कोणता न्याय? विकाऊ गावाला राखणारे राजकारण जगात कोठेही नसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला गरिबीचा. आजारपण, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांसाठी ज्याला पाच गुंठे विकावे लागले, त्याच्यावर दगड उचलण्याचा अधिकार आम्हांला नाही. तो अडला तेव्हा आपली पतसंस्था, आपला धर्मग्राम, आपले नातलग कोठे होते, हा प्रश्न उलट आपल्यालाच विचारावयास हवा. आमचा रोख त्याच्याकडे नाही. गरज संपल्यावरही जो विकत राहिला, आणि विकले नाही म्हणून भावाला मूर्ख म्हणू लागला, त्याच्याकडे आहे. आणखी एक सांगतो. त्या इमारतींत राहावयास आलेली माणसे आपली शत्रू नाहीत. मुंबईत घर न परवडलेली ती कष्टकरी कुटुंबे आहेत; पाण्याच्या दोन हंड्यांसाठी तीही तिष्ठली आहेत. तहानलेल्याला पाणी देणे हा धर्म आहे, पण त्याच्या तहानेवर धंदा मांडणे हा धर्म नव्हे.

दुसरा आक्षेप, ‘मी एकट्याने काय होणार?’ फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ मध्ये आपल्यातून गेले. हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत सामान्य वाडीवाले त्यांच्याभोवती जमले, तेव्हा त्यांतील प्रत्येकजण एकटाच घरून निघाला होता. त्यांच्या निधनानंतर आपण शोकसभा घेतल्या, लेख लिहिले, छायाचित्रांना हार घातले. हार घालणे सोपे आहे. विहिरीवरचा टँकर परत पाठविणे कठीण आहे, आणि श्रद्धांजली त्यालाच म्हणतात.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. उरलेले प्रत्येक बावखल गावाने मोजून त्याची नोंद ठेवावी आणि त्यात मातीची एक पाटीही पडू देऊ नये. मते मागण्यास येणाऱ्याला जात, धर्म वा नाते न विचारता नाले, पाणी आणि हिरव्या पट्ट्याविषयी लेखी उत्तर मागावे. विहीर असलेल्याने शेजाऱ्याची विहीर आधी डोकावून पाहावी, मग पंप सुरू करावा. आणि कुमसाराला गुडघे टेकताना आपण जिभेची व देहाची पापे आठवतो, तशीच पाण्याची व मातीचीही आठवावीत.

आपल्या भावाचा रखवालदार मी आहे काय, असा प्रश्न काइनाने विचारला होता. त्याला उत्तर रक्त पडलेल्या भूमीने दिले. आपली भूमी अजून मूक आहे. पण तिच्यातून येणारे पाणी खारट होत चालले आहे. तेच तिचे उत्तर आहे.