मनोरुग्णाचे घर एकटे पडू नये



गंभीर मानसिक आजाराचा भार कुटुंबानेच वाहावा, तो असह्य झाल्यास रुग्णाला मनोरुग्णालयात दाखल करावे, हे गेल्या अंकातील पत्रात मांडलेले मत कायद्याशी आणि अनुभवाशी विसंगत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मधील कलम 19 रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क देते, तर कलम 18 नुसार कुटुंबाला आधार देणाऱ्या आणि घरी राहून पुनर्वसन घडवणाऱ्या सेवा उभारणे ही शासनाची जबाबदारी ठरते.

आधाराची काही दारे आजही उघडी आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा रुग्णालयात उपचार व समुपदेशन मिळते. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क सल्ला मिळतो. पुण्यातील ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’सारख्या संस्था स्वमदत गट, म्हणजे समान अनुभवातून जाणाऱ्यांच्या नियमित बैठका, चालवतात. गोळी नाकारणाऱ्या मुलाशी कसे बोलावे, रात्र रात्र जागणाऱ्या आईने स्वतःची विश्रांती कशी सांभाळावी, असे प्रश्न औषधाच्या चिठ्ठीवर सुटत नाहीत. ते अशा बैठकीत मोकळेपणाने विचारता येतात.

अर्थात, शहराबाहेर असे गट विरळ आहेत. म्हणूनच कुटुंबाला सहनशीलतेचा उपदेश करण्याऐवजी प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असा गट सुरू करण्याची मागणी वाचकांनी लोकप्रतिनिधींकडे लावून धरणे अगत्याचे आहे.

– एक वाचक, पुणे