सर्व्हर माणूस ओळखत नाही

वीकांताला मौद्याला घरी आलं की एक काम हमखास गळ्यात पडतं. "भाऊ, मेल उघडूनच नाही राहिला, पाहून दे ना." आयटीत आहे म्हटल्यावर प्रिंटरपासून मेलपर्यंत आपल्याला सगळंच येतं असा गावाचा ठाम समज! पण पासवर्ड विचारला की बऱ्याचदा उत्तर येतं, "तो तर फॉर्मवाल्याच्या दुकानात लिहून आहे."

या उत्तराची मला काळजी वाटते. का, ते कळायला आधी मेल सर्व्हर आपल्याला ओळखतो कसा ते बघू. थोडं टेक्निकल आहे, पण दोनच मिनिटं.

मेल पाठवायचा एसएमटीपी प्रोटोकॉल जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढला, तेव्हा त्यात पासवर्ड हा प्रकारच नव्हता. चौकातल्या पोस्टाच्या पेटीसारखा कारभार. पत्र कुणीही टाका, पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहा. तेव्हा नेट एवढंसं होतं, म्हणून चालून गेलं. पुढे स्पॅमवाले दुसऱ्यांच्या उघड्या सर्व्हरवरून बिनधास्त मेल सोडू लागले. शेवटी १९९९ मध्ये 'ऑथ' ही आज्ञा प्रोटोकॉलमध्ये आली.

आता क्लायंट, म्हणजे आपलं आउटलुक, थंडरबर्ड किंवा फोनमधलं मेल ॲप, सर्व्हरला जोडला गेला की सर्व्हर २२० हा आकडा पाठवतो. म्हणजे "हं, बोला." क्लायंट 'एहलो' म्हणून नमस्कार करतो. सर्व्हर आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो, त्यातच ओळख पटवायचे प्रकारही असतात. क्लायंट त्यातला एक निवडून नाव आणि पासवर्ड पाठवतो. पटलं तर २३५, नाही पटलं तर ५३५. बस्स, एवढाच संवाद.

'प्लेन' या प्रकारात नाव-पासवर्ड बेस-६४ मध्ये बदलून जातात. दिसायला ते अगम्य, पण ते कुलूप नव्हे. कुणीही उलटं करून वाचू शकतो. म्हणून आधी टीएलएसने अख्खा रस्ताच झाकून घ्यायचा आणि मग पासवर्ड पाठवायचा. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ओऑथ. यात ॲपच्या हाती पासवर्ड जातच नाही, फक्त एक टोकन मिळतं आणि ते हवं तेव्हा रद्द करता येतं. जीमेलने तर २०२२ पासून व्यक्तिगत खात्यांसाठी बाहेरच्या ॲपमधून नेहमीच्या पासवर्डने लॉगिन करणं बंदच करून टाकलं.

इतका सगळा खटाटोप करून सर्व्हर जेव्हा २३५ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ काय? "पासवर्ड बरोबर आहे." समोर बसलेला माणूस बरोबर आहे, असं तो म्हणत नाही. त्याला ते कळतही नाही.

पुण्यात २००५ साली उघडकीला आलेलं प्रकरण आठवतंय? कॉल सेंटरमधल्या काही जणांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून त्यांचे पिन काढून घेतले आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम वळवली. कुलूप फोडावंच लागलं नाही. किल्ली खरी होती, हात दुसऱ्याचे होते.

आमचा फॉर्मवाला चोर नाही, उलट मदतच करतो. शेवटची तारीख, दुकानात गर्दी, समोर बारावीचं पोरगं. तो पटकन मेल काढतो, स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, सगळ्यांना एकच पासवर्ड देतो. काम होतं, पोरगं खूश. पण शिष्यवृत्ती, सीईटी, नोकरीचा अर्ज, या सगळ्यांची 'पासवर्ड विसरलात?'ची लिंक त्याच मेलवर येते. म्हणजे मेल ज्याच्या हाती, बाकीची खातीही त्याच्याच हाती. उद्या दुकान बंद झालं, नंबर बदलला, तर मुलाखतीचं बोलावणं कुणी न उघडणाऱ्या डब्यात पडून राहणार.

आपण आयटीवाले यावर म्हणतो, "लोकांना कळत नाही." मला हे पटत नाही. फॉर्मात मेल सक्तीचा करून ठेवला, पण तो आपल्याच ताब्यात कसा ठेवायचा हे शिकवायची जबाबदारी कुणी घेतली का? आणि खरं सांगा, तुमच्या आईबाबांच्या मेलचा पासवर्ड कुणी ठरवलाय? रिकव्हरी नंबर कुणाचा आहे? बहुतेक तुमचाच! मग आपण आणि तो फॉर्मवाला, फरक काय राहिला?

थोडक्यात काय, तर दहा मिनिटांचं काम आहे. रिकव्हरी नंबर ज्याचा मेल त्याचाच टाका. पासवर्ड बदला, आणि खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर उघडं आहे ती यादी बघून अनोळखी असेल ते लॉगआउट करा. टू-स्टेप सुरू करा. फक्त एक पथ्य पाळा. पासवर्ड त्यांना स्वतःला टाइप करू द्या, आणि तेवढा वेळ आपण दुसरीकडे बघा. वेळ लागेल, दोनदा चुकेल, ५३५ येईल. येऊ द्या.