येऊ द्या, येऊ द्या!



आपल्या मंडळाच्या गणपतीची आरती झाली, मसालेभाताची शेवटची पंगत उठली आणि शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये नेहमीचा प्रयोग सुरू झाला. एक ज्येष्ठ काका गाडी मागे घेत होते आणि आम्ही तिघं मागे उभे राहून हात हलवत होतो, "येऊ द्या, येऊ द्या... थोडं डावीकडे... बस्स!" गाडी निघाली. रस्त्याला लागताना इंडिकेटर उजवीकडचा लागला होता, गाडी मात्र डावीकडे वळली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि रिकामी पातेली उचलायला आत गेलो. कुणीच काही बोललं नाही.

तो विषय आज काढतो आहे, कारण इलिनॉयचा कायदा बदलला आहे. आतापर्यंत इथे वयाच्या ७९व्या वर्षापासून लायसन्सच्या नूतनीकरणासाठी गाडी चालवून दाखवावी लागे. केवळ वयावरून अशी परीक्षा घेणारं देशातलं हे एकमेव राज्य होतं. ऑगस्ट २०२५मध्ये गव्हर्नर प्रिट्झकर यांनी सही केलेल्या कायद्यानुसार १ जुलै २०२६पासून ही वयोमर्यादा ८७ झाली. ७९ ते ८६ वयाच्या चालकांना प्रत्यक्ष जाऊन डोळे तपासून घ्यावे लागतातच. शिवाय, आजारपणामुळे कुणाला गाडी चालवणं सुरक्षित राहिलं नसेल, तर आता जवळच्या नातेवाइकांनाही सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाला तसं कळवता येतं.

मला हा बदल रास्त वाटतो. पंच्याऐंशीव्या वर्षी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत सफाईने गाडी लावणाऱ्या काकू आपल्यात आहेत, आणि अडुसष्टाव्या वर्षी नव्या गोळीच्या गुंगीत गाडी काढणारेही आहेत. पण सरकारने परीक्षा आठ वर्षं पुढे ढकलली, म्हणजे तेवढी वर्षं परीक्षकाचं काम घरच्यांवर आलं.

ते अवघड का जातं, हेही समजून घेऊ. सत्तरच्या दशकात इथे आलेल्यांपैकी अनेकांच्या घरी तिकडे सायकल होती, फार तर स्कूटर. इथे येऊन त्यांनी परमिट काढलं, जुनीपुराणी गाडी घेतली, पहिल्या बर्फात ती खड्ड्यात घातली आणि तिच्यातूनच नव्याने येणाऱ्यांना ओ'हेअर विमानतळावरून घरी आणलं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना राइड दिली, त्यांना राइड मागणं जड जातं. त्यांच्या दृष्टीने चावी ठेवणं म्हणजे यजमानाने पाहुणा होणं.

म्हणून बोलायचं, ते जपून. आणि बोलण्याआधी पाहायचं. गॅरेजच्या चौकटीचा रंग आरशाला लागला आहे का? रोजच्या दुकानातून परत यायला दुप्पट वेळ लागतो का? ओळखीची एक्झिट चुकते का? आपल्या घरांतली खास खूण म्हणजे शेजारी बसलेल्या काकू. "अहो, सिग्नल लाल आहे", "अहो, लेन!" तसं त्या पन्नास वर्षं सांगतच आल्या आहेत. पण त्या गप्प बसल्या की गाडी चुकू लागली, तर ती गाडी आता एकटे काका चालवत नाहीत.

सिअ‍ॅटल किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मुलांना हे फोनवरून दिसत नाही. "ड्रायव्हिंग कसं चाललंय?" या प्रश्नाला "एकदम ठीक" याशिवाय उत्तर मिळत नाही. थँक्सगिव्हिंगला याल, तेव्हा भरदिवसा बाबांच्या शेजारी बसून किराणा आणायला जा. डावीकडे वळताना लक्ष ठेवा. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर एकदम जोखावं लागतं आणि वयस्कर चालकांचे अपघात अशा चौकांतच जास्त होतात. खटकलं तर घरी आल्यावर, नातवंडं आसपास नसताना, एकानेच बोला. "तुम्हाला आता जमत नाही" म्हणण्यापेक्षा "त्या वळणावर मला भीती वाटली" म्हणा.

एकदम चावी मागण्याआधी करण्यासारखं पुष्कळ आहे. साठीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या साधारण तिप्पट उजेड लागतो, आणि मोतीबिंदू असेल तर समोरचे हेडलाइट अंगावर येतात. तेव्हा रात्रीचं ड्रायव्हिंग आधी सोडावं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही साध्या गोळ्यांनीही पेंग येते, ते फार्मासिस्टला विचारावं. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान १० इंच अंतर हवं, आणि नजर स्टिअरिंगच्या वरच्या कडेपेक्षा किमान ३ इंच वर हवी. 'कारफिट' या उपक्रमात हे मोफत तपासून देतात. पंचावन्नच्या पुढच्यांनी सुरक्षित ड्रायव्हिंगचा मान्यताप्राप्त कोर्स केला, तर इलिनॉयमध्ये विम्यात सवलत मिळते. शंका उरलीच, तर ड्रायव्हिंगची तपासणी करणारे प्रशिक्षित ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. आपले काका बहुतेक इंजिनिअर. ते मुलाचं ऐकणार नाहीत, पण लेखी रिपोर्ट नक्की वाचतील.

आणखी एक. आपल्या कितीतरी घरांत काकूंकडे लायसन्स आहे, पण हायवेवर त्या वीस वर्षांत गेलेल्या नाहीत. काका थांबले की घरात एकदम दोन माणसं अडकतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा काकूंनी गाडी चालवावी आणि काकांनी शेजारी गप्प बसावं. यातलं दुसरं जास्त कठीण आहे.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार, सत्तरीच्या सुरुवातीला गाडी चालवणारे पुरुष ड्रायव्हिंग थांबल्यावर सरासरी सुमारे सात वर्षं आणि स्त्रिया सुमारे दहा वर्षं जगतात. निवृत्तीच्या पैशांची तजवीज आपण चाळिशीपासून करतो. या सात-दहा वर्षांत दवाखान्यात, देवळात, पत्ते खेळायला कसं जायचं, याची तजवीज कुणी केली आहे? पेसच्या बस आहेत, काही टाउनशिपच्या डायल-अ-राइड गाड्या आहेत, पासष्टीनंतर मेट्रा रेल्वेचं तिकीट सवलतीत मिळतं. पण नाट्यसंगीताच्या बैठकीला त्या पोचवत नाहीत. तिथे मंडळानेच पुढे व्हायला हवं.

१ नोव्हेंबरला घड्याळं मागे जातील आणि संध्याकाळी पाचच्या आत अंधार पडेल. म्हणून कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवल्या आहेत. दिवाळीचा कार्यक्रम दुपारी बाराला सुरू करून चारच्या आत संपवावा. आणि नावनोंदणीच्या फॉर्मवर दोन चौकटी असाव्यात: 'माझ्या गाडीत जागा आहे' आणि 'मला राइड हवी आहे'. दुसऱ्या चौकटीत खूण करायला पहिल्यांदा हात अडखळेल, हे मला ठाऊक आहे.

त्या रात्रीच्या काकांना मी परवा फोन केला. इंडिकेटरचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "तू या देशात आलास तेव्हा ओ'हेअरला तुला घ्यायला कोण आलं होतं?"

"तुम्हीच, काका."

"मग दिवाळीला अकराला ये. आणि उशीर करू नकोस, मी तेव्हा तासभर आधी येऊन थांबलो होतो."

— संपादक