आकडे दिलेले नसतात तेव्हा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीत पर्यावरण शिकवलेच जात नाही, ही तक्रार आता जुनी झाली. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, पर्यावरणीय आघाताचे मूल्यमापन हे सगळे अभ्यासक्रमात आहे, आणि भरपूर आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. हे शिकवताना विद्यार्थ्याला दर वेळी आकडे हातात दिले जातात. लोकसंख्या अमुक, दरडोई १३५ लिटर पाणी, सांडपाण्याचा बीओडी तमुक. टाकीचे आकारमान काढा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत हेच गणित सुटते आणि मार्क मिळतात. संकल्पन यायलाच हवे, त्यात वाद नाही. पण नाशिकमध्ये तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांच्या टाक्या आधीच उभ्या आहेत. आता त्या चालवायच्या आहेत, आणि चालवणाऱ्याला आकडे कोणी आयते देत नाही. ते त्यानेच मिळवायचे आणि त्यांवर विश्वास टाकायचा की नाही, हेही त्यानेच ठरवायचे.

बीओडीचेच घ्या. पाठ्यपुस्तकातली चाचणी पाच दिवसांची, २० अंश सेल्सिअसची. आपल्या उष्ण हवामानासाठी भारतीय मानकाने ती तीन दिवस, २७ अंश अशी केली. विद्यार्थी दोन्ही पाठ करतात. त्यातली खरी अडचण मात्र वर्गात क्वचितच निघते : सोमवारी घेतलेल्या नमुन्याचा निकाल गुरुवारी हाती येतो, तोवर ते पाणी गोदावरीत मिसळून पुढे गेलेले असते. मग सोमवारी सकाळी हवा वाढवायची की गाळ काढायचा, हे कशावरून ठरवायचे? साधन अगदी साधे आहे, एक लिटरचे मोजपात्र. सक्रिय गाळ पद्धतीच्या केंद्रात एरेशन टाकीतले मिश्रण त्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवतात. काल गाळ ३०० मिलिलिटरच्या खुणेवर बसला होता, मिश्रणात घनपदार्थ लिटरमागे अडीच ग्रॅम, म्हणजे गाळाचा निर्देशांक १२०. आज तेवढ्याच घनपदार्थांना ६०० ची खूण, म्हणजे निर्देशांक २४०. गाळ फुगला, आता तो पुढच्या टाकीत नीट बसणार नाही आणि पाण्याबरोबर वाहून जाईल. पण तो फुगला कशाने? प्राणवायू कमी पडला, रात्री कुणी नाल्यात काही सोडले, की प्राणवायू मोजणाऱ्या मीटरचा प्रोबच कित्येक दिवस पुसलेला नाही? उत्तरासाठी मागच्या महिन्याचे लॉगबुक उघडावे लागते. लॉगबुक वाचायला शिकवणारा तास कोणत्याच वेळापत्रकात नसतो.

हे कसब नसण्याची किंमत नदी मोजते. गोदावरीच्या प्रदूषणाचा प्रश्न २०१२ पासून मुंबई उच्च न्यायालयापुढे आहे. नाल्यांतून थेट येणारे सांडपाणी हे त्याचे एक कारण. पण केंद्रात गेलेले पाणी केंद्रातून कसे बाहेर पडते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नव्या क्षमतेची चर्चा जोरात आहे. ती चालवणारी माणसे कुठून येणार, याची चर्चा फारशी ऐकू येत नाही. बांधण्याइतकेच चालवणेही महत्त्वाचे, हा धडा सिंचनात नाशिक जिल्ह्याने आधीच घेतलेला आहे. वाघाड प्रकल्पाच्या कालव्यावर ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था काढल्या आणि पाणी मोजून घेऊन आपसांत वाटायला सुरुवात केली. कालवा तोच होता, बदलली ती व्यवस्था. पुढे २००५ मध्ये राज्याने सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा केला. ओझर, गंगापूर धरण, दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’ (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) हे सारे इथल्या महाविद्यालयांच्या हाकेच्या अंतरावर आहे. विद्यार्थी तिथे जातात ते एका दिवसाच्या सहलीला, अहवालात फोटो चिकटवण्यापुरते.

यावर प्राध्यापक म्हणतील की विद्यापीठ म्हणजे ऑपरेटर घडवणारी आयटीआय नव्हे. मूलतत्त्वे पक्की झाली की बाकीचे नोकरीत जमते. हा आक्षेप मोलाचा आहे, पण तो मूलतत्त्वे आणि प्रत्यक्ष काम यांना विनाकारण वेगळे करतो. मोजपात्रातला गाळ खाली का बसतो आणि एका टप्प्यानंतर त्याचा वेग का मंदावतो, हे समजण्यासाठी अवसादनाचा सिद्धांतच लागतो, तोही नेमका. शिवाय इतिहास उलटे सांगतो. पुण्यातले अभियांत्रिकी शिक्षण १८५४ मध्ये सुरू झाले ते सार्वजनिक बांधकामांना माणसे हवी होती म्हणून. कामापासून ते तुटत गेले नंतर. दुसरा आक्षेप वेळेचा : आहेत त्या श्रेयांकांत आणखी काय कोंबायचे? नवा पेपर नकोच. प्रयोगशाळेचे तास आहेत, टर्मवर्क आहे, इंटर्नशिपही आहे. जर्नलमध्ये मागच्या वर्षीची वाचने उतरवण्यापेक्षा (हे चालते, ते सर्वांना ठाऊक आहे) एका खऱ्या केंद्राची सत्रभराची नोंद विद्यार्थ्याने ठेवावी, आणि जिथे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत तिथे का जुळत नाहीत, ते लिहावे. स्थापत्यचे बरेच पदवीधर शेवटी सॉफ्टवेअरकडेच वळतात, हेही खरे. पण संशयास्पद आकडा ओळखण्याची सवय तिथेही वाया जात नाही.

सर्वांत अवघड आक्षेप केंद्रे चालवणाऱ्या आमच्या वाचकांकडूनच येईल. केंद्राचे आकडे विद्यार्थ्यांच्या हाती दिले तर उद्या ते वर्तमानपत्रात, परवा न्यायालयात. ही भीती खोटी नाही, आणि ठेकेदाराच्या करारात असे काही देण्याची तरतूद बहुधा नसतेच. मग सुरुवात दोन वर्षांपूर्वीच्या नोंदींपासून करा. गाळाचा निर्देशांक शिकायला आजचीच तारीख लागत नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रात तर तेवढाही धोका नाही : पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की जार टेस्टवरून तुरटीचा डोस रोज बदलावा लागतो, तेव्हा चार विद्यार्थी शेजारी उभे राहिले तर कुणाचे काही बिघडत नाही. आणि आपल्यापैकी जे दर सत्राला तोंडी परीक्षेला बहिःस्थ परीक्षक म्हणून जातात, त्यांना अभ्यास मंडळाच्या मंजुरीची वाट पाहायचीही गरज नाही. येत्या परीक्षेला लॉगबुकच्या एका पानाची झेरॉक्स सोबत न्यावी आणि त्यातला कोणता आकडा खोटा वाटतो, एवढे विचारावे.