टेली घ्यायचीय? आधी गणित करा!

हातात सेकंडहँड डीएसएलआर आला, किट लेन्सचा कंटाळा आला, की सात रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर एकच विषय निघतो – टेली कुठली घेऊ? आणि नजर जाते ती स्वस्तातल्या, स्टॅबिलायझर नसलेल्या ७०-३०० वर. आकडा मोठा, किंमत कमी, मग काय हवं?

माझं मत विचाराल तर ३०० या आकड्याला भुलू नका. त्याच पैशात सेकंडहँड, पण स्टॅबिलायझर असलेली लेन्स घ्या. कॅननवाल्यांनी ५५-२५० आयएस, निकॉनवाल्यांनी ५५-२०० व्हीआर. (५५-३०० व्हीआर बजेटमध्ये बसली तर सोन्याहून पिवळं!)

आपण इंजिनिअर ना? मग आकडेमोड करू. नान्नजच्या माळावर ५० मीटरवर काळवीट उभं आहे. खांद्यापर्यंत उंची धरा ८० सेंमी. फोकल लेंग्थ गुणिले उंची भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा. किट लेन्सच्या ५५ मिमीला ती भरते ०.९ मिमी, २५० ला ४ मिमी आणि ३०० ला ४.८ मिमी. सेन्सरची उंची जेमतेम १५ मिमी. म्हणजे खरी उडी ५५ वरून २५० ला आहे. पुढच्या ५० मिमीने फक्त २० टक्के मिळतात.

आता हात हलण्याचं बघू. क्रॉप सेन्सरवर २५० मिमी म्हणजे ४०० मिमीसारखा अँगल, त्यामुळे शटर निदान १/४०० हवं. संध्याकाळच्या उजेडात एफ/५.६ ला ते मिळता मिळत नाही. स्टॅबिलायझर असेल तर १/१०० लाही निभावतं. अर्थात तो आपला हात सांभाळतो, काळविटाचे पाय नाही! धावणाऱ्या प्राण्याला १/१००० च हवं. मग एफ/२.८ का नको? ३०० मिमी भागिले २.८ म्हणजे १०७ मिमीचं भिंग. एवढी मोठी काच स्वस्तात कोण देणार?

निकॉनवाल्यांसाठी एक धोक्याची सूचना. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकस मोटर नसते. जुनी एएफ ७०-३०० जी स्वस्त मिळते खरी, पण या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालत नाही. म्हणून लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काचेला बुरशी आहे का, तेही टॉर्च मारून तपासा.

आणि आता मुद्द्याचं. रीच कमी पडली, की आपली पोरं बाईक माळावर घालतात. काळविटांचा कळप उधळतो, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी चाकाखाली जातात. नान्नज हे १९७९ साली माळढोकासाठी जाहीर झालेलं अभयारण्य, आणि आज तिथे माळढोकच दिसणं दुर्मिळ झालंय. तेव्हा कमी पडलेले मिलिमीटर पेट्रोलने नाही, बसून राहण्याने भरून काढा. गप्प बसलात तर प्राणी स्वतःच जवळ येतो.

तोवर सराव करायला विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव आहेच. हिवाळ्यात पक्षी येतात, आणि सकाळचा उजेड फुकट असतो!